मोबाईलवरचा मुलगा आणि समोर बसलेला मुलगा

वधू-वर परिचय मेळाव्यांचा हंगाम आला की पालकांची एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते. मुलगा-मुलगी तीन महिने रात्री एक-एक वाजेपर्यंत व्हॉट्सॲपवर बोलत होती, सगळे जमल्यात जमा होते आणि प्रत्यक्ष भेटल्यावर अर्ध्या तासात दोघांनाही बोलायला विषय सापडेना. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, हा तो नव्हेच!" आईला वाटते, पोरगी चंचल आहे. आम्हाला तसे वाटत नाही.

मोबाईलवर माणूस लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. दहा फोटोंतला एक निवडून पाठवतो. यात लबाडी असतेच असे नाही. आपणही पाहुण्यांसमोर ठेवणीतलेच कपडे घालतो. पण खरी गंमत वाचणाऱ्याच्या बाजूला घडते. आवाज नाही, चेहरा नाही, मग रिकाम्या जागा ती आपल्या मनाने भरते आणि साहजिकच चांगल्याच गोष्टींनी भरते. जोसेफ वॉल्थर या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ साली हेच मांडले होते की, नुसत्या लिखाणातून जुळलेली जवळीक कधी कधी समोरासमोरच्या ओळखीपेक्षाही गाढ वाटते. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, म्हणजे तेव्हा त्याला फार काळ लोटला नव्हता. (तसे गिरणी कामगारांची गावाकडची पत्रेही पुष्कळदा दुसराच कोणी लिहून देई. पण ती बहुधा लग्नानंतरची!)

भांडणेही तिथलीच. २०१४ साली व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या आणि 'वाचले तरी उत्तर का नाही?' हा नवा रुसवा घराघरांत शिरला. मुलगा दुसऱ्या पाळीला मशीनवर उभा असतो, मोबाईल लॉकरमध्ये असतो, हे तिला कसे दिसणार? समोर बसलेला माणूस गप्प झाला तर तो थकला आहे, लाजला आहे की चिडला आहे, ते चेहऱ्यावर कळते. मोबाईलवरच्या गप्प बसण्याला चेहराच नसतो.

म्हणून मोबाईल वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात काय होत असे? ट्रे घेऊन आलेली मुलगी, समोर आठ मोठी माणसे आणि प्रश्न फक्त तिलाच. रंग सावळा दिसला की चहा संपायच्या आत नकार ठरलेला. आज तीच मुलगी मोबाईलवर विचारू शकते, "लग्नानंतर माझी नोकरी चालू राहील ना? माझा पगार कोणाच्या हातात जाईल? तुम्ही दारू घेता का?" आठ जणांपुढे हे तिच्या तोंडून निघाले नसते. बोलताना अडखळणाऱ्या मुलालाही लिहिताना मन मोकळे करता येते. ही मोठीच सोय झाली.

पण भगिनींनो, तीन महिने थांबू नका. दोन-तीन आठवड्यांत भेटा. घरी सांगून, बागेत किंवा हॉटेलात, चार माणसांच्या वर्दळीत भेटा. हवी तर बहिणीला बरोबर न्या. चहा आणणाऱ्या पोऱ्याशी तो कसा बोलतो, तुमचे वाक्य पुरे होऊ देतो की मध्येच तोडतो, बस चुकली तर कोणावर राग काढतो, ते पाहा. एका भेटीवर निकाल देऊ नका. पहिल्या दिवशी धीट मुलीचीही जीभ टाळूला चिकटते.

जो भेट टाळतो, व्हिडिओ कॉलही टाळतो आणि पैसे मात्र मागतो, आज आईच्या ऑपरेशनसाठी, उद्या विमानतळावर अडकलेले पार्सल सोडवायला, त्याला एक रुपयाही देऊ नका. अशा कहाण्यांत घरकाम करून साठवलेली रक्कम जाते आणि लाजेपायी पोरगी बोलत नाही. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. आईवडिलांनीही त्या वेळी आधी फोन लावावा, ओरडणे नंतर.

मेळावे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. माईकवरून नाव, शिक्षण, उंची, पगार पुकारून पुढचा क्रमांक बोलावता, तसे जरूर करा. पण मंडपाच्या एका कडेला दहा-बारा टेबले आणि प्रत्येकाला दोन-दोन खुर्च्याही मांडा, आणि ज्यांना बोलायचे आहे त्यांना अर्धा तास कोणी उठवू नका. पालकांच्या चहाची सोय दुसऱ्या टोकाला ठेवा.