चावी, बटाटा आणि पेनिशचा किल्ला

घरात परदेशी सहल ठरू लागली की सगळ्यात आधी नकाशा उघडत नाही, तोंडं उघडतात. एकाला बर्फ हवा असतो, एकाला समुद्र, एकाला फक्त स्वस्त हवं असतं, आणि घरातली बाई मनातल्या मनात हिशोब करत असते की दशम्या किती दिवस टिकतील. आमच्या इंदूरच्या घरात गेल्या दिवाळीपासून हेच चाललंय. जाणारी माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगा-सून, माझी धारवाडची धाकटी बहीण आणि तिचे यजमान. भावोजी घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी आणि रागावले की दोन्ही. देश ठरला पोर्तुगाल. युरोपच्या अगदी पश्चिम टोकाचा, सगळा अटलांटिकला चिकटून असलेला. आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा लहान, लोकसंख्या एक कोटीच्या जरा वर. दहा-अकरा दिवसांत धावपळ न करता बघून होईल असा.

खरं तर आपल्या सीमाभागातल्या माणसाला हा देश परका म्हणवतच नाही. तुम्ही सकाळी उठून चावीने कपाट उघडता, बटाट्याची भाजी करता, पाव आणता, बादलीत पाणी काढता, घमेलं उचलता, मेस्त्रीला बोलावता, महिनाअखेरीला पगाराची वाट बघता. हे सगळे शब्द पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरले आणि गोव्याचा घाट चढून आपल्याकडे आले. गंमत अशी की घाट चढल्यावर त्यांनी मराठी घर, कानडी घर असा भेद केला नाही. माझ्या बहिणीच्या सासरी चावी चावीच असते, पगार पगारच आणि बटाटा नुसता ‘बटाटे’ होतो. अननस, पपई, काजू ही झाडंही त्यांच्याच वाटेने आली. जेवणाच्या टेबलावर आम्ही ही यादी करत बसलो, तेव्हा भावोजी म्हणाले, “अक्का, म्हणजे अर्धी भाषा तर आम्हाला येतेच की!”

उरलेल्या अर्ध्या भाषेत एक मजेची गोष्ट आहे. तिकडे आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो आणि बाई ‘ओब्रिगादा’. बोलणाऱ्याप्रमाणे शब्द बदलतो, आपल्या ‘आलो’ आणि ‘आले’सारखा. मराठी माणसाला हे लगेच उमगतं. कन्नडमध्ये तसं नाही, त्यामुळे लग्नाला तीस वर्षं झाली तरी भावोजी आम्हाला फोनवर “मी आली” म्हणून सांगतात. तिथे ते नक्की ‘ओब्रिगादा’ म्हणणार, यावर बहिणीने आताच पैज लावली आहे.

मुलांनी पहिली यादी केली ती चित्रं बघून. लिस्बनची पिवळी ट्राम, सिंत्राचे रंगीत राजवाडे, दोरू नदीच्या काठचं पोर्तू शहर, नाझारेच्या डोंगराएवढ्या लाटा आणि दक्षिणेला अल्गार्वचे सोनेरी कडे. सुनेचा जीव त्या कड्यांवर. यादी छान होती. ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली गेली आणि नानाकाकांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

नानाकाका म्हणजे आमच्या यजमानांचे चुलते, यंदा नव्वदीच्या घरात. आमच्याकडेच असतात. वयाच्या अठराव्या वर्षी, १९५५ साली, ते गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते. माळव्यातून बरीच मुलं गेली होती तेव्हा. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ त्याच सत्याग्रहात गोळी लागून हुतात्मा झाले. १५ ऑगस्ट १९५५ला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांच्या गोळीबारात वीसहून अधिक जण गेले. नानाकाकांना लाठ्या खाऊन परत फिरावं लागलं. त्याआधी दोन रात्री ते बेळगावात होते, एका कानडी घरात. त्या घरच्या अव्वाने वाढलेली जोंधळ्याची भाकरी आणि तिचं “ऊटा माड्री” ते अजून विसरलेले नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळ्यांनी माझं शिक्षण विचारलं, यांनी विचारलं, “बेळगावची का? मग भाकरी येत असेल.” आमचं नातं तिथून सुरू झालं.

आता अशा माणसासमोर पोर्तुगालची सहल आखायची कशी? यजमान म्हणाले, देशच बदलू, क्रोएशियाला जाऊ, तिथेही समुद्रच आहे. मुलगा म्हणाला, सत्तर वर्षं झाली त्याला. दोघांचंही मला पटेना. देश बदलला असता तर नानाकाकांना न विचारताच त्यांच्या नावाने निर्णय झाला असता. आणि सत्तर वर्षं झाली हे खरं, पण ती ज्याच्या पाठीत आहेत त्याने मोजायची असतात.

म्हणून मी सरळ जाऊन विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिथल्या लोकांशी माझं भांडण नाही. हुकूम देणारे वेगळे होते. जा तुम्ही. पण नुसते केक खाऊन येऊ नका. रानड्यांना कुठे ठेवलं होतं ते बघा. पेनिशला जा.”

वाचकहो, ही दोन ठिकाणं प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पुस्तिकांत क्वचितच दिसतील, म्हणून जरा सविस्तर सांगते. मोहन रानडे मूळचे आपल्या सांगलीचे. गोव्यात शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलाच्या लढ्यात उतरले. १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालला नेण्यात आलं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. त्या मोहिमेसाठी सैन्य आपल्या बेळगावात जमलं होतं आणि सांबऱ्याहून लढाऊ विमानं उडाली होती. गोवा सुटला, पण रानडे सुटले नाहीत. लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ते कैदेतच राहिले. इकडे सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती चालवली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना भेटून त्यांच्यासाठी शब्द टाकला. १९६९च्या जानेवारीत रानडे सुटले. तुरुंगात तेरा वर्षांहून थोडी अधिक, त्यातली सात गोवा मुक्त झाल्यानंतरची. २०१९ साली पुण्यात त्यांचं निधन झालं.

पेनिश हे लिस्बनच्या उत्तरेला, साधारण शंभर किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवरचं मासेमारीचं गाव. तिथल्या किल्ल्यात सालाझारच्या हुकूमशाहीने राजकीय कैदी ठेवले. १९४६ साली लोहियांच्या सभेने गोवा पेटला, त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना पकडून याच किल्ल्यात धाडलं होतं. नावं नीट वाचा. एक ख्रिस्ती, बाकीचे हिंदू, आणि आडनावं कोकणी-मराठी-कानडी मुलखातली. तुरुंगाने तरी त्यांच्यात भाषेवरून वाटणी केली नाही. आणि हो, हा ‘तुरुंग’ शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच. त्यांचा ‘त्रोंकु’, आपला तुरुंग, कानडीतला तुरंग.

पण पेनिशबद्दल वाचताना मुलाने एक गोष्ट शोधून आणली आणि ती नानाकाकांना वाचून दाखवली. त्या किल्ल्यातले बहुतेक कैदी पोर्तुगीजच होते. कामगार, लेखक, पुढारी. १९६०च्या जानेवारीत आल्वारु कुन्याल आणि त्यांचे सोबती याच किल्ल्यातून निसटले होते. ज्या राजवटीने नानाकाकांच्या पाठीवर लाठ्या घातल्या, तिने स्वतःच्या लोकांनाही सोडलं नव्हतं. २५ एप्रिल १९७४ला तिथल्या सैन्यानेच ती राजवट उलथवली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली, दोन दिवसांनी पेनिशचे कैदी सुटले. त्याच वर्षाच्या अखेरीला पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. बरोबर पन्नास वर्षांनी, २७ एप्रिल २०२४ला, पेनिशच्या किल्ल्यात प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. नानाकाकांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “म्हणजे त्यांनाही सुटायला आमच्यानंतर बारा वर्षं लागली.”

त्यानंतर यादी नव्याने झाली. काहीतरी सोडावं लागणार होतंच. दिवस तेवढेच आणि पैसे त्याहून कमी. अल्गार्व गेलं. सून हिरमुसली, ते मी लपवणार नाही. ती म्हणाली, इतिहास तुमचा, सुट्टी माझीसुद्धा. बरोबरच होतं तिचं. म्हणून पेनिशला एका दुपारीऐवजी दोन रात्री राहायचं ठरलं. लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्यांसाठी ते गाव जगभर प्रसिद्ध आहे. एक दिवस किल्ल्याचा, एक दिवस तिच्या समुद्राचा. समुद्र शांत असला आणि बोटी सुरू असल्या तर समोरची बर्लेंगा बेटंही.

ज्यांना असं काही आखायचं असेल त्यांच्यासाठी आमची रूपरेषा देते. लिस्बनला चार रात्री. पहिल्या दिवशी बेलें. वास्को द गामा १४९७ साली निघाला तो इथून, आणि त्याची कबरही इथल्याच जेरोनिमुश मठात आहे. एक दिवस सिंत्रा आणि युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक असलेलं काबू द रोका. एक दिवस नदीकाठाने कश्काइशला जाणारी लोकल. वाटेत काशियशचं स्टेशन लागतं. किल्ल्यात आजही कैदी ठेवतात, त्यामुळे आत जाता येणार नाही, पण स्टेशनवर उतरून उभं तरी राहू. २५ एप्रिल लिस्बनमध्येच येईल अशी तारीख धरली आहे. त्या दिवशी लाल फुलं घेऊन मोठी मिरवणूक निघते. मग बसने पेनिश, कारण तिथे रेल्वे नाही. जवळच ओबिदुश हे तटबंदीतलं गाव. तिथून नाझारे. मात्र तिथल्या राक्षसी लाटा ऑक्टोबर ते मार्चच्या, एप्रिलमध्ये त्या दिसतील अशी आशा धरू नये. शेवटी पोर्तूला तीन रात्री आणि परत.

कागदपत्रांचं सांगायचं तर शेंगेन व्हिसाचा अर्ज जाण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मोठ्या माणसाला ९० युरो शुल्क, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा, आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू हवा. बोटांचे ठसे द्यायला आम्हाला इंदूरहून मुंबई गाठावी लागणार. लिस्बन टेकड्यांवर वसलंय आणि फरसबंदीचे दगड पावसात निसरडे होतात, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी चांगले बूट घ्यावेत. शाकाहारी मंडळींनी ‘सें कार्न, सें पैश’ पाठ करावं, म्हणजे मांस नको, मासे नको. तिथली प्रसिद्ध गोड टार्ट अंड्याच्या बलकाची असते. नानाकाकांचे ‘केक’ ते हेच. अटलांटिकचं पाणी एप्रिलमध्ये चांगलंच गार असतं, हे सुनेला सांगून झालंय. तिने ऐकलेलं नाही.

नानाकाका येणार नाहीत. डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलंय, आणि त्यांनीही आग्रह धरला नाही. पेनिशच्या किल्ल्यात कैद्यांची नावं कोरलेली भिंत आहे, हे कळल्यापासून त्यांनी एक काम मात्र दिलंय. गोव्याची जी नावं तिथे सापडतील ती एका कागदावर लिहून आणायची. मराठीत मी लिहीन, कन्नडमध्ये बहीण लिहील. कोणती सापडतील आणि कोणती नाहीत, ते परत आल्यावर त्यांना सांगावं लागेल. तुम्हालाही सांगेन.