ताणावर ताण

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागायतदाराला ताण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मृग बहार धरायचा तर भर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडावे लागते, हे तो जाणतो. पण तो ताण जमीन पाहून, दिवस मोजून द्यायचा असतो. रोपवाटिकेतील कोवळ्या कलमाला तर तो कोणी देतच नाही. कलमांबाबत पाळला जाणारा हा विवेक आपण मुलांबाबत पाळतो काय?

वऱ्हाडातील शेतकरी आत्महत्यांची चर्चा कर्ज, कापूस आणि सिंचन यांभोवतीच फिरत राहिली. २००६ साली केंद्राने अमरावती, अकोल्यासह विदर्भातील ६ जिल्ह्यांना पॅकेज दिले. ‘पात्र’ ठरलेल्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते. मात्र मागे राहिलेल्या लेकरांच्या मनाची नोंद घेणारा रकाना सरकारी कागदावर नाही.

या लेकरांवर आघात एकटा येत नाही. वडील जातात, सावकार दारात उभा राहतो, आई मजुरीला जाते, थोरल्याची शाळा सुटते. डॉ. विन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. बालपणी ४ किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही आघात न सोसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला. सततच्या भीतीने शरीर कायम सावध राहते आणि वाढत्या मेंदूवर त्याची छाप पडते. प्रत्येक संकटासाठी वेगळी योजना आखणाऱ्या व्यवस्थेला हे एकत्रित ओझे दिसत नाही.

तरीही हे विधिलिखित नव्हे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी मनाच्या आजारांविषयी गावकऱ्यांना बोलते केले. नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे काम प्रौढांसाठी होते. तीच वाट आता मुलांपर्यंत न्यायला हवी.

त्यासाठी प्रत्येक गोष्टीत शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. एकत्र कुटुंबात काका, मामा, आजी हा भार वाटून घेत. ती घरे लहान झाली, तरी गाव आहे, शिक्षक आहेत, आपण आहोत. अशा घरातील एका मुलाची विचारपूस वर्षभर नेमाने करणे, त्याची शाळा सुटू न देणे, गरज पडल्यास ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर त्या कुटुंबाचा संपर्क करून देणे, एवढे आपल्या हाती निश्चितच आहे. झाड वाळल्यावर पाणी देण्यात काय अर्थ?