पंच म्हणून कोण उभे राहणार?

'पंचनामा' हा शब्द मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा. पण त्यातील 'पंच' कोण, हे सहसा कुणी विचारीत नाही. घराची झडती घेताना पोलिसांनी परिसरातील किमान दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, त्यांच्यासमक्ष जप्ती करावी आणि यादीवर त्यांच्या सह्या घ्याव्यात, हा जुना दंडक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम १०३ मध्ये कायम राखला आहे. शिवाय कलम १०५ ने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले. हा बदल स्वागतार्हच आहे.

असे नियम म्हणजे गुन्हेगारांचे लाड, असे अनेक सज्जनांना वाटते. १९७५ च्या आणीबाणीत संघावर बंदी आली आणि स्वयंसेवकांच्या घरांवर पोलिसांची थाप पडली. सत्तेला मर्यादा उरली नाही, तर ती कुणाच्या उंबरठ्यावर येईल याचा नेम नसतो, हे त्या पिढीने भोगले आहे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. झडती बेकायदा ठरली एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात सांगितले. पण अमली पदार्थांच्या कायद्याखाली अंगझडतीपूर्वी संशयिताला त्याच्या हक्काची जाणीव दिली नाही, तर जप्ती संशयास्पद होऊन शिक्षाच धोक्यात येते, असा निर्वाळा १९९९ च्या बलदेव सिंग खटल्यात घटनापीठाने दिला. म्हणजे पोलिसांच्या हलगर्जीपणाचा लाभ समाजात विष पेरणाऱ्यालाच होतो.

कॅमेरा आला तरी पंचाची गरज संपलेली नाही. मात्र शेजारी झडती सुरू झाली की सुशिक्षित माणूस दार लावून घेतो. 'कोर्टाची पायरी नको' हे त्याचे उत्तर ठरलेले. मग ओळखीतलेच, नेहमीचे पंच उभे राहतात आणि उलटतपासणीत उघडे पडतात. वस्तुतः विशेष समन्स असल्याखेरीज पंचाला न्यायालयात जावे लागत नाही. उलट लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाविना नकार देणे हा गुन्हा आहे. तारखांवर तारखा देऊन पंचाचा दिवस वाया जाणार नाही, याची काळजी मात्र शासनाने व न्यायालयांनी घेतली पाहिजे.

राष्ट्रसेवा केवळ सीमेवर होत नाही. शेजारच्या घरात तासभर उभे राहून जे दिसले तेवढ्यावरच सही करणे आणि जे दिसले नाही त्यावर सही नाकारणे, हीसुद्धा राष्ट्रसेवाच आहे.