इम्युलेटर म्हणजे चोरी नव्हे : गेम बॉयच्या बाजूने एक थ्रेड

१/ ‘इम्युलेटर? म्हणजे चोरीच की!’ हे वाक्य इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्यांच्याही तोंडी येते, याचे नवल वाटते. कित्येक बखरी आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या नकलांच्या रूपाने. त्या उतरवून घेणाऱ्या लेखकूला आपण चोर म्हणत नाही.

२/ आधी वस्तुस्थिती. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ साली आला. पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा, छटा चार, मुख्य स्मृती अवघी ८ किलोबाइट. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर १९९३ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग’ उभा राहिला. बेट, गावकरी, भुयारे, आणि हे सारे कुणाचे स्वप्न तर नाही ना, हा सतत पोखरणारा संशय. सगळा खेळ ५१२ किलोबाइटांत! आजचे मोबाइलवरचे एक छायाचित्रही याहून जड असते.

३/ या खेळात रिचर्ड नावाचा एक राजपुत्र भेटतो. तो मुळात १९९२ च्या दुसऱ्या एका गेम बॉय साहसकथेतला, ‘काएरू नो तामे नि काने वा नारू’ मधला. ती कथा जपानबाहेर अधिकृतपणे आलीच नाही. २०११ साली हौशी अनुवादकांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, आणि बाहेरच्या वाचकांना (हो, वाचकच म्हणतो) ती बहुतांशी संगणकावर, इम्युलेटरमधूनच कळली. झेल्डाच्या एका पात्राची वंशावळ शोधायची, तर वाट इथूनच जाते.

४/ इम्युलेटर करतो काय? मूळ यंत्राच्या प्रोसेसरला दिलेली प्रत्येक आज्ञा वाचतो आणि तेच काम संगणकाकडून करवून घेतो. त्यात खेळ नसतो. खेळाची प्रत, म्हणजे रॉम, ही वेगळी वस्तू. हा भेद न करता निवाडा देणाऱ्यांनी निदान एक खटला वाचावा.

५/ सोनी विरुद्ध कनेक्टिक्स. प्लेस्टेशनचे खेळ मॅकवर चालवणारा इम्युलेटर कनेक्टिक्सने बनवला. तो बनवताना सोनीच्या बायोसची तात्पुरती नक्कल करून अभ्यास केला होता. २००० साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते ‘फेअर यूज’ ठरवले. सोनी हरली. मग तिने २००१ मध्ये तो इम्युलेटरच विकत घेतला आणि बंद करून टाकला. कोर्टात जे साधले नाही ते थैलीने साधले.

६/ ‘मग विकत घेऊन खेळा’ हा पुढचा उपदेश. काय विकत घ्यायचे? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली अमेरिकेतल्या २०१० पूर्वीच्या खेळांची पाहणी प्रसिद्ध केली. ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. गेम बॉय कुळातले उपलब्ध खेळ सुमारे ६ टक्के! त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने ३डीएसचे ऑनलाइन दुकान बंद केले. जुन्या काडतुसांतली, खेळाची प्रगती टिकवणारी बटणासारखी बॅटरीही एक दिवस संपते, आणि कुणाचा तरी तीस वर्षांपूर्वीचा अर्धवट प्रवास पुसला जातो.

७/ आणि विनोद असा की फेब्रुवारी २०२३ मध्ये निन्टेन्डोने स्विचवर वर्गणीदारांना गेम बॉयचे खेळ दिले, तेही इम्युलेटरमधूनच. कंपनीने केले तर सेवा, आपण केले तर पाप?

८/ ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारातून गेलेले खेळ संशोधकांना दुरून पाहू देण्याची ग्रंथालयांची मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेटाळली. एक भीती अशी की लोक ते मौजेखातर खेळतील. ग्रंथालयातून कादंबरी नेणारा काय तपश्चर्येसाठी नेतो?

९/ मी सरसकट माफी मागत नाही. जो खेळ आज दुकानात आहे त्याची फुकट प्रत उतरवून ‘मी जतन करतो’ म्हणणे हा ढोंगीपणा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करू देते. त्यावर आधार ठेवून स्वतःचे काडतूस उतरवून घ्या, नोंदी ठेवा, कोणत्या आवृत्तीत काय बदलले ते लिहा. १९९८ ची रंगीत आवृत्ती आणि १९९३ ची मूळ आवृत्ती शेजारी-शेजारी चालवून पाहिलीत, तर पाठभेद म्हणजे काय ते चटकन उमगेल.

१०/ रॉम कुठून मिळेल, असे कृपया खाली विचारू नये. उत्तर देणार नाही.