जास्वंदीवरील पट्टेरी भुंगेरा

श्रावण-भाद्रपदात सकाळी फुले खुडावयास गेलेल्या गृहिणीस जास्वंदीच्या फुलात एक देखणा कीटक पुष्कळदा आढळतो. लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, अंग काळेभोर, पाठीवर दोन रुंद नारिंगी पट्टे आणि खांद्यांशी दोन नारिंगी ठिपके. तो निवांतपणे पाकळ्या कुरतडीत बसलेला असतो. हात जवळ नेला तरी पळण्याची घाई करीत नाही. मुलांना त्याचे मोठे आकर्षण वाटते, आणि नेमके तेथेच सावध व्हावयास हवे.

याचे शास्त्रीय नाव मायलॅब्रिस पस्ट्युलाटा. अलीकडील ग्रंथांत तो हायक्लियस पस्ट्युलेटस या नावानेही येतो. इंग्रजीत या कुळास ब्लिस्टर बीटल म्हणतात, तर शेतकरी हिंगे म्हणतात. लेडीबर्ड नावाचा लाल ठिपकेदार भुंगेरा आणि हा यांची गल्लत होते. लेडीबर्ड एक सेंटिमीटरहूनही लहान, गोल व घुमटाकार असतो. हिंगे मात्र लांबट, पंखांची झाकणे मऊ, आणि डोक्यामागे मान स्पष्ट दिसावी इतका अरुंद भाग. ही मान ध्यानात ठेवली, तर चूक होत नाही.

तो पळत नाही, कारण त्याचा रंग हाच त्याचा पहारेकरी आहे. दुकानात ‘उधारी बंद’ अशी पाटी लावलेली असली की मालकास बोलावे लागत नाही, तसेच हे. त्यास दाबले वा छेडले, तर पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव पाझरतो. त्यात कँथरिडिन नावाचे विष असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके यांनी १८१० मध्ये या कुळातील एका युरोपीय भुंगेऱ्यापासून ते प्रथम वेगळे केले. नर हे विष मीलनाच्या वेळी मादीस देतो आणि तिच्या अंड्यांचे रक्षण त्याने होते. माणसाच्या त्वचेस द्रव लागल्यास काही तासांनी पाण्याने भरलेला फोड येतो. साबणाने लगेच धुवावे, फोड फोडू नये. डोळ्यात गेल्यास किंवा मुलाने भुंगेरा तोंडात घातल्यास वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे, कारण पोटात गेलेले हे विष मूत्रपिंडांस घातक ठरते. हेच द्रव्य योग्य प्रमाणात औषधही आहे. त्वचेच्या एका विषाणुजन्य विकारासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये त्यास मान्यता दिली.

तूर, मूग, उडीद फुलावर आले की हिंग्यांची खरी चंगळ. फूल खाल्ले गेले की शेंग धरत नाही. पेढीवर डाळीच्या भावाची चर्चा निघते तेव्हा पाऊस, साठा, आयात सर्व येते. या भुंगेऱ्याचे नाव सहसा येत नाही! मात्र त्याच्या खात्यास जमेची बाजूही आहे. अंड्यातून निघालेली चपळ अळी जमिनीत नाकतोड्यांची अंडी शोधून त्यांवर वाढते. वाढताना ती अनेकदा रूप पालटते. या कुळातील हे विलक्षण रूपांतर फ्रेंच निसर्गअभ्यासक फाब्र यांनी १८५७ मध्ये मांडले.

वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे हा शेतीतील रूढ उपाय. भ्रमरादी जीवांस चतुरिंद्रिय मानणाऱ्या घरास तो रुचणार नाही, आणि परसबागेपुरती त्याची गरजही नाही. कळ्या धरताच झाडावर मच्छरदाणीचे कापड घालावे. भुंगेरा आलाच, तर हातमोजा घालून वा कागदावर अलगद घेऊन दूरच्या पडीक रानात सोडावा. पाऊस सरून थंडी पडली की तो आपोआप दिसेनासा होतो. अंगणातील तुरीच्या चार झाडांनाही हेच पुरते. मोठ्या शेताचा प्रश्न अर्थात इतका सोपा नाही.

पांजरपोळासाठी चारा खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळल्या गठ्ठ्यांत चिरडलेले याच कुळातील भुंगेरे पोटात जाऊन घोडे दगावले आहेत. कापताना घास चिरडणारी यंत्रे आल्यापासून भुंगेरे त्यातच दबून राहू लागले, आणि मेलेल्या, वाळलेल्या भुंगेऱ्यातही विष टिकते. फुलोऱ्यापूर्वी कापलेल्या चाऱ्यात हा धोका कमी. गठ्ठा उतरवून घेताना दोन-चार पेंढ्या सोडून पाहाव्यात. काळे-नारिंगी पंख दिसले, तर तो गठ्ठा गोठ्यात जाऊ देऊ नये.