गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका, अन् तपासल्याशिवाय कापूही नका

वडूज : मांडीत, पोटरीत किंवा दंडात गाठ आली आणि दुखत नसली, की खटाव-माणकडं ती ‘चरबीची गाठ’ म्हणून वर्षभर तशीच राहते. बहुतेक गाठी चरबीच्याच असतात, हे खरं. पण क्वचित एखादी ‘सॉफ्ट टिश्यू सार्कोमा’ निघते, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागातला कॅन्सर. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये याचं प्रमाण जेमतेम १ टक्का, म्हणून तो लवकर ओळखू येत नाही.

खरा घोळ होतो तो तपासणीविना गाठ काढल्यावर. कॅन्सरच्या पेशी आत राहतात, गाठ परत येते आणि दुसरं ऑपरेशन मोठं होतं. योग्य क्रम असा : आधी एमआरआय, मग सुईनं तुकडा काढून बायोप्सी. कॅन्सर निघाला तर छातीचा सीटी स्कॅन, कारण तो बहुधा फुप्फुसात पसरतो. मग गाठ भोवतालच्या निरोगी थरासकट एकसंध काढतात. गरजेप्रमाणे रेडिएशन देतात. वेळेत गेलं तर बहुतेकांचा हात-पाय वाचतो. सुई टोचल्यानं कॅन्सर पसरतो, ही भीती सोडा.

खर्चाचं काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मिरज, कराड किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाण्याआधी रेशनकार्ड, आधार सोबत घ्या आणि आरोग्यमित्राला विचारा.

गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी, खोल किंवा वाढती असेल तर चोळू नका, शेकू नका. थेट डॉक्टर गाठा.