क्रीडाधोरणात शाळेचे म्हणणे कुठे आहे?

1 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती 2025’ मंजूर केली आणि 2001 चे राष्ट्रीय क्रीडाधोरण मागे पडले. आपल्या शाळेतल्या एकाही कॅडेटचा जन्म झाला नव्हता, तेव्हा लिहिलेल्या कागदावर देशाचा खेळ चोवीस वर्षे चालला. नवे धोरण हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे : ते ठरवताना कोणाला विचारले?

मंजुरीच्या वेळी सरकारने काढलेल्या निवेदनात याचे उत्तर आहे. केंद्रीय मंत्रालये, नीती आयोग, राज्य सरकारे, राष्ट्रीय क्रीडा महासंघ, खेळाडू, तज्ज्ञ आणि शेवटी जनता. शाळांचे, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचे, पालकांचे वेगळे नाव या यादीत नाही. आणि धोरणाच्या पाच आधारस्तंभांपैकी एक आहे खेळ आणि शिक्षण यांची सांगड! ‘जनता’ या शब्दात आपण सगळे आलोच, असे कोणी म्हणेल. पण गावजेवणाची दवंडी वेगळी आणि घरी येऊन दिलेली अक्षत वेगळी. महासंघाला पत्र जाते, तो उत्तर देतो. सूचना मागवल्याची बातमी मात्र वसतिगृहातल्या मुलापर्यंत मुदत संपल्यावर पोहोचते, पोहोचलीच तर.

यात नुकसान धोरणाचे आहे. महासंघाकडे असते ती निवडलेल्या खेळाडूंची माहिती. न निवडलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे फक्त शाळेला ठाऊक असते. आपल्या आंतर-सदन क्रॉस कंट्रीत सगळे धावतात. पहिल्या दहांत येणाऱ्याला ढाल मिळते, पण दीडशेव्या क्रमांकाचा मुलगा वेळेत आला तर त्याचाही गुण सदनाच्या खात्यात पडतो. म्हणून त्याला ओढत आणणारे दोन मित्र शेवटच्या वळणावर उभे असतात. ही पद्धत कोणत्याही धोरणातून आलेली नाही. ती धोरणात जायला हवी, कारण पदकांच्या नादात आपण ज्याला विसरतो तो हाच दीडशेवा मुलगा.

अविनाश साबळे यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला तो शिपाई म्हणून. सियाचिनलाही त्याने ड्यूटी केली. 2015 मध्ये सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत उतरला आणि मग कुठे त्याच्यातला धावपटू जगाला दिसला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण त्याच्या हातून अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले, केनियाच्या धावपटूकडून. त्याचा शोध लागला तो सगळ्यांना धावायला लावणाऱ्या पलटणीत. लहानपणीच रत्ने वेचू पाहणाऱ्या योजनांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

आता अडचणींचे. दहावीचे वर्ष लागले की पालकसभेत ठरलेली विनंती येते, ‘सर, यंदा संध्याकाळच्या खेळातून सूट द्या.’ पालकांची काळजी खोटी नाही. टक्केवारी समोर दिसते, मैदानावर घालवलेल्या तासाची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही. ती दिसेल अशी व्यवस्था कोण करणार? दुसरी अडचण मुलींची. 2021-22 पासून सर्व सैनिक स्कूलमध्ये मुलींना प्रवेश मिळू लागला, हे उत्तमच झाले. पण एका वर्गात त्या इतक्या मोजक्या असतात की एका वयोगटात हॉकीचा पूर्ण संघ उभा राहत नाही. मग त्या सरावाला मुलांबरोबर उतरतात आणि स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांत बसतात. दोन-तीन शाळांच्या मुलींचा एकत्र संघ का चालू नये, हे विचारायला दिल्लीहून कोणी येणार नाही. आपणच सांगायला हवे.

आणि सांगण्याची वेळ अजून गेलेली नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा विषय राज्यांच्या यादीत आहे. केंद्राचे नवे धोरण राज्यांना नमुना म्हणून दिले आहे, त्याच्याशी जुळणारी आपापली धोरणे त्यांनी करावीत अशी अपेक्षा आहे. म्हणजे खरी सल्लामसलत यापुढे राज्याराज्यांत व्हायची आहे. इथे आपण मराठी बोलणारे मोजके. बाकीचे कॅडेट कुठून कुठून आलेले. एका बराकीतून दहा राज्यांच्या क्रीडा खात्यांना दहा पत्रे जाऊ शकतात, असे भाग्य गावच्या शाळेला नाही.

पत्रात ‘सुविधा वाढवाव्यात’ असे लिहू नका. ते वाक्य प्रत्येक सूचनापेटीत असते आणि वाचणाऱ्याला त्याचे काही करता येत नाही. आपल्याला जे मोजता येते ते लिहा : आठवीत किती जण रोज मैदानावर होते, दहावीत किती उरले, किती जण दुखापतीनंतर परतलेच नाहीत, फिजिओथेरपिस्ट किती किलोमीटरवर आहे.

सरकारकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. कायद्यांच्या मसुद्यांसाठी केंद्राने 2014 मध्येच ठरवले आहे की मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, सोप्या भाषेत समजावून सांगावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा जाहीर करावा. क्रीडाधोरण म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे तिथे हे बंधन नाही, पण राज्यांनी ते आपणहून पाळायला काय हरकत आहे? मसुदा मराठीत, तमिळमध्ये, ओडियात निघावा. आलेल्या सूचनांपैकी कोणती घेतली, कोणती नाकारली आणि का, हे छापावे. नकार मिळाला तरी चालेल, कारणासह मिळावा. परेड ग्राउंडवर अर्ज नामंजूर झाला तरी तो कोणी आणि का केला हे कॅडेटला कळते. सचिवालयातूनही तेवढे कळावे.

सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या राज्याचे क्रीडाधोरण कोणत्या वर्षाचे आहे ते शोधून या. महाराष्ट्राने 2012 मध्ये केले होते. परत आल्यावर शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे वर्षे जमा करू, आणि ज्या राज्याचे धोरण सर्वांत जुने असेल त्याला पहिले पत्र लिहू.